उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना आणि तिचे आधार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हल्याळ या भागांतील मराठी माध्यमाचे विद्यार्थी व त्यांचे पालक अपठित उताऱ्यासंबंधी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणादाखल घेतलेले दोन्ही उतारे या पानासाठीच लिहिले असून त्यांतील स्थळे आपल्याच भागातील आहेत. ओळखीच्या गावाविषयी वाचतानाही उताऱ्याचे म्हणणे कसे निसटते, हे त्यांवरून लक्षात यावे असा हेतू आहे.

मध्यवर्ती कल्पना म्हणजे उताऱ्याचा विषयच ना?

नाही, आणि उत्तरपत्रिकांतील निम्म्या चुकांचे मूळ या समजुतीत आहे असे माझे मत आहे. विषय हा एखादा शब्द किंवा शब्दसमूह असतो, उदाहरणार्थ ‘मलप्रभा नदी’. मध्यवर्ती कल्पना हे त्या विषयाबद्दल लेखकाने केलेले विधान असते, आणि विधान म्हटले की त्यात कर्ता आणि क्रियापद असलेच पाहिजे. ‘मलप्रभा नदी’ या दोन शब्दांना कोणी ‘खरे आहे’ किंवा ‘मला पटत नाही’ असे म्हणू शकत नाही. ‘मलप्रभेमुळे कमी पावसाच्या प्रदेशातही शेती टिकून आहे’ या वाक्याला मात्र तसे म्हणता येते. आपण लिहिलेल्या उत्तराला होकार किंवा नकार देता येतो का, एवढे तपासले तरी आपण विषय लिहिला की कल्पना, हे कळते.

‘या उताऱ्यात पाण्याविषयी माहिती दिली आहे’, ‘धबधब्याचे वर्णन केले आहे’, ‘नदीचे महत्त्व सांगितले आहे’ अशी वाक्ये विद्यार्थी मोठ्या विश्वासाने लिहितात. यांपैकी तिसरे वाक्य सर्वांत फसवे आहे, कारण ते पूर्ण विधानासारखे दिसते. ‘कोणते महत्त्व?’ असा प्रश्न त्याला विचारावा आणि त्या प्रश्नाचे जे उत्तर येईल ते लिहावे. मध्यवर्ती कल्पना तेथे सापडते.

शीर्षक हे त्या कल्पनेचे दोन-चार शब्दांतील नाव असते. सारांशात कल्पना आणि तिचे मुख्य आधार दोन्ही येतात. तात्पर्य हे प्रामुख्याने बोधकथेपुरते असते, म्हणून माहितीपर उताऱ्याच्या उत्तरात ते ओढून आणू नये.

मग मध्यवर्ती कल्पना शोधायची कशी?

हे एका उताऱ्यावरच पाहू.

“पावसाळ्यात गोकाकचा धबधबा पाहण्यासाठी दूरदूरच्या गावांतून लोकांची रीघ लागते. घटप्रभा नदी येथे सुमारे ५२ मीटर उंचीच्या कड्यावरून खाली झेप घेते आणि नदीवरच्या झुलत्या पुलावर उभे राहिले की तुषारांनी अंग भिजते. परंतु प्रेक्षणीय स्थळ एवढीच या धबधब्याची ओळख नाही. कोसळणाऱ्या पाण्याच्या बळावर येथे एक उद्योग उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कड्याजवळ सूतगिरणी उभारण्यात आली. तिची यंत्रे चालवण्यासाठी लागणारी शक्ती या पाण्यापासूनच मिळवली गेली. गिरणीच्या आसऱ्याने वाढलेली वस्ती आज गोकाक फॉल्स या नावाने ओळखली जाते.”

हा उतारा वर्गात वाचून दाखवला की बहुतेक मुले ‘गोकाकचा धबधबा अतिशय सुंदर आहे’ असे सांगतात. हे उत्तर खोटे नाही; धबधबा सुंदर आहेच, मुलांनी तो सहलीत पाहिलेला असतो, आणि उताऱ्याची पहिली दोन वाक्ये तेच सांगतात. आता हे उत्तर क्षणभर बरोबर धरून प्रत्येक वाक्याला ‘तू येथे कोणत्या कामासाठी आला आहेस?’ असे विचारावे. पहिल्या दोन वाक्यांना काम मिळते, परंतु सूतगिरणी, यंत्रांची शक्ती आणि गोकाक फॉल्सची वस्ती सांगणाऱ्या शेवटच्या तीन वाक्यांना काहीच काम उरत नाही. ज्या कल्पनेखाली उताऱ्यातील निम्मी वाक्ये रिकामी बसतात ती कल्पना मध्यवर्ती नव्हे. याउलट ‘धबधब्याच्या पाण्यापासून मिळालेल्या शक्तीमुळे गोकाकला उद्योग आणि वस्ती उभी राहिली’ असे विधान घेतले, तर शेवटची तीन वाक्ये त्याचे आधार होतात आणि पहिली दोन वाक्ये वाचकाला परिचित दृश्यापासून मुद्द्यापर्यंत नेण्याचे काम करतात. सर्व वाक्ये कामाला लागली की आपण योग्य ठिकाणी पोहोचलो असे समजावे.

हे करण्यापूर्वी उतारा एकदा पेन्सिल खाली ठेवून शेवटपर्यंत वाचावा, हा माझा आग्रह आहे. पहिल्याच वाचनात अधोरेखन सुरू केले की डोळा नावांवर आणि आकड्यांवर थांबतो आणि ‘परंतु’सारखा शब्द, ज्यावर या उताऱ्याची सारी दिशा वळते, तो निसटून जातो.

मध्यवर्ती कल्पना नेहमी पहिल्या किंवा शेवटच्या वाक्यात असते, असे शिकवणीत सांगतात. ते खरे आहे का?

कधी कधी. वरच्या उताऱ्यात ती मधल्या, चौथ्या वाक्यात आहे. जागा पाठ करण्यापेक्षा वाक्याचे काम ओळखणे अधिक भरवशाचे आहे.

कल्पना उताऱ्यात कोठेच स्पष्ट लिहिलेली नसेल तर काय करावे?

पुढील उतारा पाहावा.

“मलप्रभा नदी खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावते. सह्याद्रीच्या या माथ्यावर पावसाळ्यात दिवसेंदिवस सूर्यदर्शन होत नाही. तेथून पूर्वेकडे जाऊ लागले की पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि सौंदत्तीच्या बाजूचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे या नदीवर धरण आहे. धरणाचे पाणी कालव्यांवाटे कोरडवाहू भागातील शेतांकडे वळवले जाते आणि हुबळी-धारवाडच्या नळांनाही ते पुरवले जाते.”

येथे पाच वाक्ये पाच गोष्टी सांगतात आणि त्यांना जोडणारे विधान लेखकाने वाचकावर सोपवले आहे. अशा वेळी वाक्यांची जोडी लावून पाहावी. दुसरे वाक्य भरपूर पावसाचे आणि तिसरे अपुऱ्या पावसाचे आहे, म्हणजे येथे एक विरोध मांडलेला आहे. पहिले आणि चौथे वाक्य त्या दोन प्रदेशांना एकाच नदीने जोडते. पाचवे वाक्य त्या जोडणीचा परिणाम सांगते. हे सगळे एका वाक्यात बांधले की ‘पश्चिमेकडील डोंगरात पडणारा पाऊस मलप्रभा आणि तिच्यावरील धरण यांच्यामार्फत पूर्वेकडील कमी पावसाच्या भागाच्या उपयोगी पडतो’ असे विधान तयार होते. ते उताऱ्यात लिहिलेले नाही, तरीही उताऱ्याचेच आहे, कारण त्यातील प्रत्येक शब्दासाठी आपल्याला उताऱ्यातील एखाद्या वाक्याकडे बोट दाखवता येते.

या ठिकाणी हुशार मुलेही एक पाऊल पुढे टाकून बसतात. ‘म्हणून कणकुंबीचे जंगल राखले पाहिजे’ असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. विचार चांगला आहे आणि खानापूर तालुक्यातील मुलाच्या मनात तो येणे मला मोलाचे वाटते. परंतु उताऱ्यात जंगलाविषयी एकही शब्द नाही. उताऱ्यावरून निघणारे अनुमान आणि उतारा वाचून आपल्या मनात उमटलेला विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीला ‘तुमचे मत लिहा’ या प्रश्नात जागा असते, आणि तो प्रश्न आला तर ती तेथे अवश्य लिहावी.

आधार म्हणजे काय, आणि तो बरोबर निवडला हे कसे ओळखावे?

आपल्या रोजच्या बोलण्यात यासाठी एक नेमका शब्द आहे : ‘कशावरून?’ गल्लीत कोणी म्हणाले की यंदा ऊस कमी होणार, तर ऐकणारा लगेच ‘कशावरून म्हणतोस?’ असे विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आधार. परीक्षेतही हेच करावे. मध्यवर्ती कल्पना म्हणावी, स्वतःलाच ‘हे कशावरून?’ असे विचारावे आणि मग निवडलेले वाक्य ‘कारण’ हा शब्द लावून पुढे जोडावे. ‘धबधब्याच्या पाण्यामुळे गोकाकला उद्योग उभा राहिला, कारण गिरणीची यंत्रे चालवण्याची शक्ती या पाण्यापासूनच मिळवली गेली’ हे जुळते. ‘धबधब्याच्या पाण्यामुळे गोकाकला उद्योग उभा राहिला, कारण तेथे लोकांची रीघ लागते’ हे मोठ्याने वाचले की कानालाच खटकते. दोन्ही वाक्ये उताऱ्यातील आणि दोन्ही खरी असली, तरी आधार त्यांपैकी एकच आहे.

आकड्यांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. ‘५२ मीटर’ हा उताऱ्यातील एकमेव आकडा असल्यामुळे मुले तो हमखास आधार म्हणून देतात. आकडा नेमका असतो, म्हणून तो पुराव्यासारखा वाटतो, परंतु ‘कशावरून?’ या प्रश्नाला तो उत्तर देत असेल तरच तो पुरावा ठरतो. येथे तो धबधब्याची उंची सिद्ध करतो, उद्योगाची उभारणी सिद्ध करत नाही. कड्याची उंची अधिक असल्यामुळे पाण्याला जोर मिळाला असे लेखकाने म्हटले असते, तर मात्र तोच आकडा आधार झाला असता. म्हणजे एखादी गोष्ट आधार आहे की नाही हे तिच्यावरून ठरत नाही. लेखक तिचा उपयोग कशासाठी करतो त्यावरून ठरते.

घटना, कारण, उदाहरण, तुलना, आकडेवारी, जाणकाराचे मत असे आधाराचे अनेक प्रकार असतात, परंतु त्यांची नावे पाठ केल्याने आधार ओळखता येतो असे मला कधी आढळले नाही.

बहुपर्यायी प्रश्नांत दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात. निवड कशी करावी?

पाचवीतील मुले सहावीच्या प्रवेशासाठी जी नवोदय परीक्षा देतात, तिच्या भाषा विभागात ४ उतारे आणि प्रत्येकावर ५ प्रश्न असतात. एवढ्या लहान वयाच्या मुलांना हीच अडचण सर्वाधिक येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोकाकच्या उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना विचारली आणि पुढील पर्याय दिले आहेत असे समजावे. ‘पाणी ही मानवी जीवनाची मूलभूत गरज आहे’ हा पर्याय उताऱ्यापेक्षा फार मोठा आहे. तो शंभर उताऱ्यांना लागू पडेल. ‘गोकाकला सूतगिरणी उभारण्यात आली’ हा फार लहान आहे. तो एका वाक्यापुरता आहे. ‘गोकाकचा करदंट प्रसिद्ध आहे’ हा जगात खरा आहे, परंतु उताऱ्यात नाही, आणि जे मूल गोकाकला जाऊन करदंट खाऊन आले आहे ते येथे हमखास मोहात पडते. ‘झुलत्या पुलामुळे गोकाकचा उद्योग वाढला’ या पर्यायात उताऱ्यातील ओळखीचे शब्द आहेत, मात्र त्यांचे नाते बदललेले आहे. उरलेला पर्याय उत्तर असतो. घाईत वाचणारा चौथ्या प्रकाराला आणि जाणकार मूल तिसऱ्या प्रकाराला फसते, असा माझा अनुभव आहे.

आमच्या घरची मराठी आणि उताऱ्यातील मराठी यांत फार अंतर आहे. त्यामुळे मुलांना अर्थ लागत नाही का?

घरच्या मराठीत कोणताही दोष नाही. कन्नडच्या शेजाराने घडलेली आपली बोली विचार करण्यासाठी पूर्णपणे समर्थ आहे, आणि उतारा समजला की नाही हे पाहण्याची सर्वांत चांगली कसोटी म्हणजे तो घरच्या बोलीत सांगून पाहणे. अडचण येते ती ग्रंथांतील काही जोडशब्दांची, कारण ते बोलण्यात येत नाहीत. ‘तथापि’ म्हणजे ‘तरीसुद्धा’; त्याच्यापुढे विचार उलट दिशेला वळतो. ‘यास्तव’ म्हणजे ‘म्हणून’. त्याच्यापुढे निष्कर्ष येतो. ‘किंबहुना’ आला की लेखक आधीचेच म्हणणे अधिक जोर देऊन पुन्हा मांडतो, म्हणून तेथे मध्यवर्ती कल्पना असण्याचा संभव बराच असतो. ‘अर्थात’ मात्र दोन अर्थांनी येतो : कधी ‘म्हणजेच’, तर कधी ‘साहजिकच’. असे दहा-बारा शब्द नीट समजले तर कठीण वाटणारे उतारे पुष्कळसे मोकळे होतात.

वाक्य शेवटपर्यंत वाचणे हेही आपल्या भाषेत अनिवार्य आहे. ‘धरणामुळे पूर्वेकडील शेतकऱ्यांच्या सर्व अडचणी संपल्या असे म्हणता येणार नाही’ या वाक्याचा अर्थ शेवटच्या शब्दावर उलटतो. अर्ध्यावर डोळा उचलणारा विद्यार्थी नेमका विरुद्ध अर्थ घेऊन जातो.

कन्नड आणि इंग्रजी उताऱ्यांसाठी वेगळी पद्धत लागते का?

पद्धत तीच, खुणा वेगळ्या. कन्नडमध्येही क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, म्हणून ‘इल्ल’ वाचल्याशिवाय अर्थ ठरवू नये. ‘आदरे’ म्हणजे ‘परंतु’, ‘आद्दरिंद’ म्हणजे ‘म्हणून’, ‘एकेंदरे’ म्हणजे ‘कारण’ आणि ‘उदाहरणेगे’ म्हणजे ‘उदाहरणार्थ’. ‘एकेंदरे’ आणि ‘उदाहरणेगे’ यांच्यापुढे सहसा आधार सापडतात.

ओळखीच्या वाटणाऱ्या संस्कृत शब्दांपासून मात्र सावध राहावे. कन्नडमध्ये ‘अनुमान’ हा शब्द सामान्यतः ‘संशय’ या अर्थाने वापरतात आणि ‘अभ्यास’ म्हणजे बहुधा ‘सराव’ किंवा ‘सवय’. मराठी अर्थ मनात धरून कन्नड उतारा वाचणाऱ्या मुलीला एखाद्या पात्राच्या मनातील संशय हा तर्कशुद्ध निष्कर्ष वाटू शकतो, आणि मग तिचे पुढचे सगळे उत्तर घसरते. इंग्रजीत नकार मुख्य क्रियापदाच्या आधीच येतो, आणि माहितीपर परिच्छेदात मुख्य विधान पुष्कळदा आरंभीच केलेले असते. ‘हाउएव्हर’ (म्हणजे ‘तथापि’) दिसला तर मात्र ते पुढे सरकले आहे असे समजावे.

मध्यवर्ती कल्पना आधी मनात मराठीतून मांडावी आणि मग त्या भाषेत लिहावी, यात कमीपणा काहीच नाही. एका सराव परीक्षेत मराठी उतारा दुसऱ्या भाषेतून इतका शब्दशः आणलेला होता, की कारण कोणते आणि परिणाम कोणता हेच कळेना. मुलांना तो कन्नडमध्ये मोठ्याने म्हणायला सांगितल्यावर उलगडा झाला. दोन भाषा येणाऱ्या मुलांजवळ एक जास्तीचा दिवा असतो आणि तो त्यांनी वापरावा.

भाषा किंवा सीमाभाग यांविषयीचा उतारा आला तर मुले भावनेच्या भरात लिहितात. त्यांना काय सांगावे?

हा प्रश्न आपल्याकडेच इतक्या तीव्रतेने उभा राहतो, आणि तो टाळू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. हा दिवस कर्नाटकात राज्योत्सव म्हणून साजरा होतो आणि सीमाभागातील अनेक मराठी भाषिक तो काळा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवसाविषयी मुलांच्या घरी ठाम मते असतात आणि ती असण्याचा त्यांना अधिकार आहे. परंतु ‘लेखकाच्या मते’ असे शब्द प्रश्नात असतील, तर उत्तरात लेखकाचेच मत यायला हवे, मग ते वाचकाला अमान्य असले तरी. मी मुलांना वहीच्या पानावर मध्ये रेघ ओढायला सांगतो. डावीकडे लेखक काय म्हणतो आणि कशावरून म्हणतो ते लिहायचे, उजवीकडे मला काय वाटते आणि कशावरून वाटते ते लिहायचे. उजव्या बाजूलाही ‘कशावरून’ लिहावे लागते म्हटल्यावर मुले थांबतात, विचार करतात. न पटणाऱ्या लेखकाचे म्हणणे त्याच्या आधारांसह प्रामाणिकपणे मांडता येणे ही मला वाचनातील सर्वांत अवघड पायरी वाटते, आणि सीमाभागातील मुलांना ती इतरांपेक्षा लवकर चढावी लागते.

उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावे की उताऱ्यातील वाक्य उतरवावे?

मध्यवर्ती कल्पना स्वतःच्या शब्दांत लिहावी, आधार उताऱ्याच्या शब्दांजवळ राहून द्यावा. ‘उताऱ्यातील वाक्य शोधून लिहा’ असे सांगितले असेल तर वाक्य जसेच्या तसे लिहावे.

कवितेचा उतारा असेल तर?

अभंगासारख्या रचनेत ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते. मध्यवर्ती कल्पना बहुधा तेथे असते आणि पुढील चरणांतील दृष्टान्त तिचे आधार असतात. अन्य कवितांत शेवटच्या ओळींत भाव वळतो का ते पाहावे.

मी स्वतः सातवीपर्यंतच शिकलो आहे. मुलीला घरी कशी मदत करू?

त्यासाठी अधिक शिकलेले असण्याची गरज नाही. बेळगावातून निघणाऱ्या कोणत्याही मराठी दैनिकातील एक लहान बातमी निवडावी आणि मथळा हाताने झाकून मुलीला ती मोठ्याने वाचायला सांगावी. वाचून झाल्यावर तिने मथळा सुचवावा. मग हात काढून छापलेल्या मथळ्याशी तो ताडून पाहावा. तिचा मथळा वेगळा आला तर लगेच चूक म्हणू नये, ‘कशावरून?’ एवढेच विचारावे. कधी कधी तिचाच मथळा बातमीला अधिक शोभून दिसतो, आणि तो का शोभतो हे ती बातमीतील वाक्यांवर बोट ठेवून सांगू लागली, की मध्यवर्ती कल्पना आणि आधार हे दोन्ही तिला आले आहेत. आठवड्यातून तीन बातम्या पुरेत. आरंभी अपघात, पाऊस, बाजारभाव अशा साध्या बातम्या घ्याव्यात. अग्रलेख दहावीच्या वर्षासाठी राखून ठेवावेत, कारण त्यांत मत आणि माहिती एकमेकांत विणलेली असते आणि ती वेगळी करायला थोडा सराव झालेला असावा लागतो.